अरुंद प्लॉट, उंच भिंती आणि मधला चौक

मुंबईच्या एम-पूर्व विभागात, गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दोन मोठ्या पुनर्वसन वसाहती आहेत. विकास प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या गेल्या, त्या कुटुंबांना इथे पक्की घरे मिळाली. सिमेंटच्या भिंती, डोक्यावर स्लॅब, घरातच नळ आणि शौचालय. झोपडीच्या तुलनेत सगळेच सुधारले होते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही वैद्यकीय संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी या दोन वसाहती आणि जवळच्याच पीएमजी कॉलनीतील घरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये समोर आले. पहिल्या दोन वसाहतींत शंभरातील आठ ते दहा जणांना क्षयरोग झालेला होता. पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते.

तिन्ही ठिकाणचे लोक कष्टकरी वर्गातले आणि घरे लहानच. ठळक फरक इमारतींच्या मांडणीत होता. पहिल्या दोन वसाहतींत सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या होत्या. पुनर्वसनाच्या इमारतींना सामासिक अंतराच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या होत्या, त्यातून ही रचना झाली. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागे आणि खिडकी उघडली तर समोरच्या घरातला वास आत येई. अशा पाहणीतून एकट्या मांडणीला दोषी ठरवता येत नाही, कारण गर्दी, कुपोषण, उशिरा होणारे निदान या गोष्टीही क्षयरोग वाढवतात. पण उजेड आणि हवा यांचा या आजाराशी असलेला संबंध शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. इथे तो आकड्यांत दिसला.

हा प्रश्न पुनर्वसन वसाहतींपुरता राहिलेला नाही. पुण्याच्या पेठा, गिरगाव-दादरच्या गल्ल्या, नाशिक-कोल्हापूरचे जुने गावभाग, सगळीकडे वाडे आणि दुमजली घरे पाडून त्याच जागेवर पाच-सहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. या जागांची रुंदी अनेकदा वीस फुटांच्या आसपास आणि खोली ऐंशी फुटांपर्यंत असते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. अशा पट्टीसारख्या जागेत आठ-दहा कुटुंबांना राहता येईल, आणि तरी ती घरे आजारी पाडणार नाहीत, अशी इमारत बांधता येते का?

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

मुंबईला हा प्रश्न यापूर्वी एकदा फार कठोरपणे विचारला गेला आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढच्या काही महिन्यांत शहर ओस पडले. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींवर बोट ठेवले गेले आणि १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट उलगडलेले नव्हते, त्यामुळे ट्रस्टचे निदान अपुरे होते. मात्र त्यातून निघालेला एक नियम आजही उपयोगाचा आहे.

नियम असा की, खोलीच्या खिडकीकडच्या भिंतीच्या पायथ्यापासून वर पाहिले असता साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेपलीकडचे आकाश मोकळे असले पाहिजे. भूमितीच्या भाषेत साडेत्रेसष्ट अंशांचा टँजंट जवळपास दोन येतो. साध्या शब्दांत सांगायचे तर समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे ठेवायचे. समोर बारा मीटर उंच इमारत असेल, तर सहा मीटर मोकळी जागा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी हा नियम हिरिरीने मांडला. दादर-माटुंग्याच्या नियोजित वसाहतींत इमारतींमध्ये जी मोकळीक दिसते, तिच्यामागे त्या काळचा हा विचार आहे.

हा नियम गोवंडीच्या त्या वसाहतींना लावला, तर सात मजल्यांच्या, म्हणजे साधारण वीस मीटर उंचीच्या इमारतींमध्ये दहा मीटर अंतर हवे होते. प्रत्यक्षात तीन मीटर होते.

न्यूयॉर्कची डंबेल इमारत

अरुंद पट्टीवर माणसे बसवण्याचा सर्वात मोठा आणि सर्वात फसलेला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. तिथला नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल. १८७९ च्या कायद्याने प्रत्येक निजायच्या खोलीला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी हवी, असे सांगितले. त्याच वर्षी एका नियतकालिकाने घेतलेल्या स्पर्धेत जेम्स वेअर या वास्तुरचनाकाराचा आराखडा पहिला आला. इमारतीच्या मध्यभागी दोन्ही कडांना खाच घ्यायची, म्हणजे वरून पाहिल्यास आकार व्यायामाच्या डंबेलसारखा दिसेल. दोन शेजारच्या इमारतींच्या खाचा जुळल्या की मध्ये हवेची उभी पोकळी तयार होईल.

कायदा पाळला गेला. पण खाच होती फक्त २८ इंचांची. दोन्ही मिळून पाच फूटही भरत नव्हते, आणि उंची पाच-सहा मजले. वरच्या मजल्याखाली उजेड उतरेना. रहिवासी त्या पोकळीत कचरा टाकू लागले, उन्हाळ्यात दुर्गंधीमुळे खिडक्या बंद ठेवू लागले. आग लागली की तीच पोकळी धुराड्यासारखी पेटे आणि आग वरच्या खोल्यांत शिरे. अखेर १९०१ मध्ये नव्या कायद्याने या प्रकारच्या इमारती बांधण्यास मनाई केली आणि मोकळ्या चौकाची किमान मापे वाढवली.

खिडकी आहे की नाही, एवढेच कायद्याने विचारले होते. ती कशात उघडते, हे विचारलेच नव्हते.

सहा बाय चोवीस मीटर

आता एक नमुन्याची जागा घेऊ. रुंदी सहा मीटर, खोली चोवीस मीटर, क्षेत्रफळ १४४ चौरस मीटर. पुढे रस्ता, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे दुसऱ्या घराची मागची बाजू. तळमजल्यावर पार्किंग आणि वर चार मजले, अशी पंधरा मीटरच्या आतली इमारत. पंधरा मीटर आणि त्याहून उंच इमारतीला राष्ट्रीय बांधकाम संहिता ‘उंच इमारत’ मानते आणि तिला अग्निसुरक्षेच्या अधिक कडक अटी लागू होतात. एवढ्या अरुंद जागेत त्या पाळणे अवघड असते.

बाजूंना खिडक्या काढता येत नाहीत. मागे दोन मीटर सोडले तर इमारतीची खोली बावीस मीटर उरते. संहितेनुसार खिडकीपासून साडेसात मीटरपेक्षा दूरचा खोलीचा भाग उजेडाचा धरता येत नाही. पुढून साडेसात आणि मागून साडेसात मीटर उजेड धरला, तरी मधले सात मीटर अंधारात जातात. बाजारात अशा जागेवर बऱ्याचदा हेच होते. मधल्या अंधाऱ्या भागात एक छोटा डक्ट, जिना, बाथरूम आणि नकाशावर ‘स्टडी’ म्हणून दाखवलेली एक बिनखिडकीची खोली बसवली जाते. प्रत्यक्षात त्या खोलीत घरातले आजी-आजोबा झोपतात.

दुसरा मार्ग वाड्यांनीच दाखवलेला आहे. पेठांमधले वाडेही खोल आणि दोन्ही बाजूंनी बंद असत. ते उजेड वरून, चौकातून घेत. तोच विचार इथे लावता येतो. बावीस मीटरचे तीन भाग करायचे. पुढे आठ मीटर खोल घरांचा भाग, मागे तेवढाच दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये सहा मीटर. या मधल्या सहा बाय सहाच्या चौरसाचा अर्धा भाग, म्हणजे तीन बाय सहा मीटर, आकाशापर्यंत मोकळा चौक. उरलेल्या अर्ध्यात जिना, लिफ्ट आणि पुढच्या-मागच्या घरांना जोडणारी गॅलरी.

प्रत्येक मजल्यावर दोन घरे, एकूण आठ. प्रत्येकाचे बांधकाम ४८ चौरस मीटर. भिंती आणि खांब वजा जाता वापरायला साधारण ४० चौरस मीटर, म्हणजे ४३० चौरस फूट. घर लहानच आहे. पण त्यातला कोणताही कोपरा खिडकीच्या भिंतीपासून चार मीटरपेक्षा दूर नाही, कारण आठ मीटरच्या भागाला दोन्हीकडून उजेड आहे.

जुना नियमही इथे लावून पाहता येतो. पहिल्या मजल्याच्या जमिनीपासून गच्चीपर्यंत बारा मीटर. पुढच्या घरातून चौकापलीकडे मागच्या घराची भिंत सहा मीटरवर. बाराला सहाने भागले की दोन, म्हणजेच साडेत्रेसष्ट अंश. सर्वात खालचे घर नियमात कसेबसे बसते. चौकाची रुंदी तीनच मीटर असल्याने बाजूंनी आकाश कमी दिसते. म्हणून पहिल्या मजल्यावर चौकाकडे स्वयंपाकघर-बाथरूम आणि मुख्य खोल्या रस्त्याकडे वा मागे ठेवणे शहाणपणाचे. यावर आणखी एक मजला चढवला तर समोरची भिंत पंधरा मीटर होते आणि कोन अडुसष्ट अंशांवर जातो. त्याची किंमत सर्वात खालच्या घराला मोजावी लागते, फायदा सर्वात वरच्याला मिळतो.

या चौकाला बांधकामाच्या हिशेबात किंमत आहे. अठरा चौरस मीटर गुणिले चार मजले, म्हणजे ७२ चौरस मीटर. जवळजवळ दीड फ्लॅट. जुने भाडेकरू, जागेचा मालक आणि बिल्डर यांच्या वाटण्यांत हा दीड फ्लॅट सोडायला कुणी सहज तयार होत नाही. वाटाघाटीत चौक आक्रसत जातो आणि शेवटी त्याचा डक्ट होतो.

वारा आणि श्वास

उजेडापेक्षा हवेचे गणित कमी दिसते, म्हणून अधिक दुर्लक्षित राहते. एकाच भिंतीत खिडक्या असलेल्या खोलीत बाहेरची हवा छताच्या उंचीच्या साधारण अडीच पट अंतरापर्यंत नीट पोहोचते, असा वायुविजनातला ठोकताळा आहे. छत पावणेतीन मीटरचे असेल तर जेमतेम सात मीटर. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील तर हे अंतर दुप्पट धरता येते. आठ मीटर खोल घराला रस्त्याकडे एक आणि चौकाकडे एक खिडकी असली, तर वारा आरपार जातो. वारा पडलेला असतानाही चौकातली तापलेली हवा वर जाते आणि खालून तिची जागा भरून काढायला घरांतून हवा ओढली जाते.

बंद खोलीत काय होते, याचा हिशेब सोपा आहे. संहितेने राहण्याच्या खोलीसाठी सांगितलेले किमान क्षेत्र साडेनऊ चौरस मीटर. पावणेतीन मीटर उंची धरली तर खोलीत सुमारे २६,००० लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघे झोपले आणि खोली पूर्ण बंद असली, तर या वायूचे प्रमाण दर तासाला दशलक्ष भागांमागे नऊशेहून अधिक भागांनी वाढते. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. दाराच्या फटींमुळे प्रत्यक्षातला आकडा कमी भरतो, तरी पहाटेपर्यंत तो दोन-तीन हजारांवर जाणे नवलाचे नाही. नेहमीचा स्प्लिट एसी यात काही मदत करत नाही. तो खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो.

एवढ्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड विषारी नसतो. तो एक खूण आहे. उच्छ्वासात या वायूचे प्रमाण चार टक्के असते. त्यामुळे बाहेरच्यापेक्षा दोन हजार भाग जास्त आढळले, तर आपण घेत असलेल्या हवेचा विसावा भाग कुणाच्या तरी फुफ्फुसातून आधीच जाऊन आलेला आहे, असा त्याचा अर्थ. त्या कुणाला तरी क्षयरोग किंवा फ्लू असेल, तर जंतूंचा हिस्साही त्याच प्रमाणात वाढतो. क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांवर स्वार होऊन काही तास हवेत तरंगू शकतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथाई भारतात आहेत, त्यामुळे हा धोका पुस्तकी नाही.

पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांत झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. संशोधकांनी सत्तर खोल्यांतली हवा किती वेळा बदलते हे मोजले. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यावर तासाला सरासरी २८ वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत हाच आकडा १२ होता. उपचार न झालेल्या क्षयरुग्णासोबत चोवीस तास काढले, तर संसर्ग होण्याची अंदाजे शक्यता यंत्रावर चालणाऱ्या खोल्यांत ३९ टक्के, नव्या बांधणीच्या खिडकीवाल्या खोल्यांत ३३ टक्के आणि १९५० पूर्वीच्या जुन्या रुग्णालयांत ११ टक्के निघाली. जुन्या इमारतींकडे कसलेही गुपित नव्हते. छत उंच होते, खिडक्या मोठ्या होत्या आणि त्या एकाहून अधिक भिंतींत होत्या.

खिडकीच्या मापातही एक फसगत होते. दमट-उष्ण हवामानात खिडक्यांचे उघडणारे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एक-षष्ठांश असावे, कोरड्या-उष्ण हवामानात एक-दशांश, असे संहिता सांगते. साडेनऊ चौरस मीटरच्या खोलीला मुंबईत जवळपास १.६ चौरस मीटर. हल्ली सर्रास बसवली जाणारी दोन पल्ल्यांची सरकती खिडकी मात्र एका वेळी निम्मीच उघडते. नकाशावरचे १.६ घरात ०.८ होते. बाहेर उघडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या झडपा या बाबतीत उजव्या ठरतात.

उन्हाचाही वेगळा विचार लागतो. थेट सूर्यप्रकाशात क्षयरोगाचे जंतू मरतात, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्येच सांगितले होते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. सहा मीटरच्या चौकात त्याचे ऊन साडेसहा-सात मीटरच खाली उतरते. वरच्या दोन मजल्यांना थंडीत ऊन मिळते, खालच्यांना मिळत नाही. मे आणि जुलैमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ऊन तळापर्यंत पोहोचते. खालच्या घरांसाठी चौकाच्या भिंतींना पांढरा रंग देणे हा सर्वात स्वस्त उपाय, कारण स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक परत फेकते. दर तीन-चार वर्षांनी रंग काढला नाही, तर मात्र शेवाळ आणि धूळ हा फायदा खाऊन टाकतात.

डक्टमधून काय चढते?

हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात मार्च २००३ मध्ये सार्सची साथ भडकली आणि तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. त्यांतले बरेचजण एकाच इमारतीतले, आणि विशेषतः एकावर एक असलेल्या घरांतले होते. तपासातून पुढे आलेली कारणे घरगुती होती. बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी उरले नव्हते. लोक फरशी धुण्याऐवजी पुसत असल्याने ट्रॅप कोरडे पडले होते. मैलावाहिनीतली दूषित हवा तिथून बाथरूममध्ये आली. एक्झॉस्ट पंख्याने ती ओढली आणि दोन घरांमधल्या अरुंद पोकळीत सोडली. त्या पोकळीतल्या वर चढणाऱ्या हवेबरोबर विषाणू वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत गेला.

अरुंद प्लॉटवरच्या इमारतीत डक्ट टाळता येत नाही, पण त्याचे काम मर्यादित ठेवता येते. संहितेत डक्टची किमान मापे दिली आहेत. बारा मीटरपर्यंत उंचीला २.८ चौरस मीटर आणि रुंदी किमान १.२ मीटर, अठरा मीटरपर्यंत ४ चौरस मीटर आणि रुंदी किमान दीड मीटर. ही मापे बाथरूम आणि शौचालयासाठी आहेत. निजायची खोली किंवा स्वयंपाकघर यांना हवा-उजेड देण्यासाठी ती नाहीत. डक्टच्या तळाशी जाण्यासाठी दार हवे, नाहीतर तिथे साचलेला कचरा आणि पाणी कुणी काढत नाही आणि डासांची सोय होते. डक्टच्या तोंडावर पत्रा टाकून पाऊस अडवला, की वर चढणारी हवाही अडते.

एसीचे बाहेरचे युनिट ही डक्टवरची नवी आपत्ती आहे. दीड टनाचा एसी चालू असताना साडेसहा किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. आठ घरांचे आठ एसी एकाच डक्टमध्ये लावले, तर ते पन्नासेक हीटर एकदम पेटवल्यासारखे होते. बाथरूमच्या खिडकीतून तीच हवा घरात येते आणि एसीची वीजही अधिक जळते. ही युनिट गच्चीवर किंवा रस्त्याकडच्या बाजूला लावण्याची सोय नकाशातच करावी लागते.

जिना, स्ट्रेचर आणि शेजाऱ्याची भिंत

हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चौथ्या मजल्यावरून खाली आणायचे असते, तेव्हा इमारतीची खरी रुंदी कळते. चार जणांच्या लिफ्टचा डबा आतून सुमारे १.१ बाय ०.७ मीटरचा. आठ जणांच्या लिफ्टचा १.३ बाय १.१ मीटरचा. स्ट्रेचरची लांबी दोन मीटरच्या घरात असते. आडव्या माणसाला नेता येईल अशी लिफ्ट तेरा जणांची, आतून दोन मीटर खोल असते. ती बसवायची तर जिन्याची आखणी पहिल्याच दिवशी बदलावी लागते. ते जमत नसेल, तर निदान जिन्याची वळणे स्ट्रेचर फिरेल इतकी मोठी हवीत.

अशा इमारतीला बहुधा एकच जिना असतो. त्याच्या खालीच विजेचे मीटर आणि शेजारी रांगेने दुचाक्या लावलेल्या असतात. आग तिथे लागली तर बाहेर पडण्याची एकुलती एक वाट धुराने भरते. मीटरची खोली जिन्यापासून वेगळी, पक्क्या भिंतीची आणि रस्त्याच्या बाजूला असावी. जिन्याची एक बाजू चौकात उघडी राहिली तर धूर वर निघून जातो. पण चौकात जुने फर्निचर आणि खोकी रचून ठेवली, तर न्यूयॉर्कची धुराडी परत तयार होते.

पार्किंगने तळमजल्याचा ताबा घेतला की भूकंपाचा प्रश्न उभा राहतो. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली फक्त खांब, अशा रचनेला अभियंते ‘मऊ मजला’ म्हणतात. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा अनेक इमारती खालचा मजला चिरडून कोसळल्या. तळमजल्यावर काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती देऊन हा दोष दूर करता येतो, मात्र त्यासाठी एखादी मोटार कमी बसते. शेजारच्या इमारतीपासून पुरेशी फट ठेवणेही तितकेच गरजेचे. मेक्सिको सिटीत १९८५ च्या भूकंपात चिकटून उभ्या असलेल्या इमारती एकमेकींवर आपटून खिळखिळ्या झाल्या होत्या.

ही फट वरून झाकली नाही, तर पावसाचे पाणी आणि कचरा तिच्यात उतरतो. तिथे हात पोहोचत नाही, गिलावा करता येत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत घराच्या आतल्या भिंतीला ओल येते, मग काळी बुरशी धरते. दमा असलेल्या मुलांना अशा खोलीत धाप लागण्याचे प्रसंग वाढतात. फटीच्या तोंडावर पत्र्याचे किंवा रबराचे झाकण बांधकाम चालू असतानाच बसवावे लागते, नंतर ते जवळपास अशक्य असते.

नकाशा समोर आल्यावर

पुनर्विकासाच्या बैठकांत बहुतेक चर्चा कार्पेट किती वाढणार, भाडे किती मिळणार आणि पार्किंग कुणाला, यांवर होते. मुंबईत डीसीपीआर २०३४ आणि उर्वरित राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. नियम असले तरी त्यांत सवलती आहेत, आणि प्रीमियम भरून सामासिक अंतर कमी करून घेण्याची तरतूद मुंबईत आहे. त्यामुळे नकाशा मंजूर झाला म्हणजे घर निरोगी असेलच, असे गृहीत धरता येत नाही. काही प्रश्न रहिवाशांनी स्वतः विचारायचे असतात.

प्रत्येक राहत्या खोलीची खिडकी नेमकी कशात उघडते? रस्त्यात, मागच्या मोकळ्या जागेत, चौकात की डक्टमध्ये? तिच्यासमोरची भिंत किती दूर आणि किती उंच आहे? अंतर उंचीच्या निम्म्याहून फार कमी असेल तर त्या खोलीत दिवसा दिवा लागणार. घरात हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाऊ शकते का? खिडकी उघडते किती? स्वयंपाकघराच्या चिमणीचा पाइप गच्चीपर्यंत जातो की डक्टमध्येच सुटतो? एसीची युनिट कुठे लागणार? जिन्यातून स्ट्रेचर वळेल का? आणि मागची मोकळी जागा फक्त आपली आहे की शेजाऱ्याने त्याची दोन मीटर सोडली तरच उपयोगाची आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका प्लॉटवर मिळत नाही. एकाने मागे दोन मीटर सोडले आणि पाठीमागच्यानेही सोडले, तर मध्ये चार मीटर होतात. एकाने भिंत लावून बांधले तर दुसऱ्याचे दोन मीटरही वाया जातात. दोन शेजाऱ्यांनी एकत्र पुनर्विकास केला, तर सहा मीटरच्या दोन पट्ट्यांऐवजी बारा मीटर रुंदी हाती येते. जिना आणि लिफ्ट एकच पुरते, दोन चौकांचा मिळून एक मोठा चौक होतो आणि खालच्या घरांनाही आकाश दिसते. दोन कुटुंबांचे जुने वाद आणि सातबाऱ्यावरची नावे यांमुळे असे क्वचित घडते. पण ज्या गल्लीत ते घडू शकते, तिथे करारावर सही करण्यापूर्वी एकदा शेजाऱ्याचे दार ठोठावून पाहायला हवे. खोदाई सुरू झाल्यानंतर ती संधी पुढच्या पन्नास-साठ वर्षांसाठी जाते.